‘आईबापांना नाही, तर मुलाला कसा?’ एनएफ-1बद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

माझ्या मामेबहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार 1, म्हणजे एनएफ-1 असल्याचं निदान झालं. जनुकातल्या बिघाडामुळे त्वचेवर डाग आणि नसांवर गाठी येणारा हा आजार. लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरला: हा आजार आनुवंशिक आहे, त्यामुळे आईबापांना नसेल तर निदान खोटं, डाग रक्तदोषाचे, गाठी लेप लावून मुळासकट निघतात, जीन तपासणी म्हणजे पैसे उकळायचा धंदा. तो वाचून तिने मुलाची डोळ्यांची तपासणी पुढे ढकलली. म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात घातक पहिला मुद्दा, कारण तो तर्काला धरून वाटतो. एनएफ-1चं जनुक 17व्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या दोन प्रतींपैकी एक जरी बिघडली तरी आजार होतो, आणि तो बिघाड आईबापांकडूनच यावा लागतो असं मुळीच नाही. जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये तो नव्याने झालेला असतो. निदानाचे निकष 2021 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सुधारले आणि ते ‘जेनेटिक्स इन मेडिसिन’ या नियतकालिकात छापून आले. त्यांत आईवडिलांपैकी कोणालाच आजार नसलेल्यांसाठी वेगळा विभागच आहे: ठरलेल्या लक्षणांपैकी दोन हवीत. आई किंवा वडिलांना आजार असेल तर एकही पुरतं. निकष लिहिणाऱ्यांनीच ज्यांची सोय करून ठेवली, त्या मुलांचं निदान हा मेसेज एका वाक्यात खोटं ठरवतो! शिवाय ‘गरोदरपणात आईने काय केलं’ अशी कुजबुज सुरू होते ती वेगळीच. हा बदल खाण्यापिण्याने किंवा कोणाच्या चुकीने होत नाही.

एवढं मात्र मान्य करते, की कधीकधी आईला किंवा वडिलांना आजार इतका सौम्य असतो की चाळिशीपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून डॉक्टर त्यांचीही त्वचा आणि डोळे बघतात. त्यांच्यात हा आजार असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता 50 टक्के.

डागांचं थोडक्यात. दुधाळ कॉफीच्या रंगाचे एकदोन डाग कितीतरी निरोगी लोकांना असतात. वयात येण्याआधी 5 मिलिमीटरहून मोठे सहा किंवा अधिक असतील तर तपासायला हवं. डागांनी स्वतः काही बिघडत नाही, त्यामुळे ते घालवायच्या पथ्याचा प्रश्नच येत नाही. लक्ष ठेवायचं ते डोळ्यांवर. दृष्टीच्या नसेवरची गाठ सुमारे 15 टक्के मुलांमध्ये आढळते, बहुतेकदा सहासात वर्षांच्या आत, आणि एवढं लहान मूल ‘मला कमी दिसतंय’ असं सांगत नाही. म्हणून दरवर्षीची तपासणी चुकवायची नाही.

आता लेप. मेसेज ज्या गाठी लेपाने काढायला सांगतो, त्या मज्जातंतूंच्या आवरणातून वाढतात. प्लेक्सिफॉर्म प्रकारची गाठ तर नसांच्या जाळ्यात खोल पसरलेली असते. वरून जाळणारं काही लावलं तर कातडी भाजते, गाठ तिथेच राहते. एखादी गाठ अचानक वाढली, कडक झाली, सतत दुखू लागली तर ती कर्करोगाकडे वळलेली असू शकते. तेव्हा लेपात घालवलेले महिने भरून येत नाहीत. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी सेल्युमेटिनिब हे औषध अमेरिकेत 2020 साली मुलांकरता मंजूर झालं. ते बऱ्याच मुलांमध्ये गाठ लहान करतं, नाहीशी करत नाही.

जीन तपासणीबद्दल मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. रिपोर्टवरून आजार किती तीव्र होईल हे बहुधा सांगता येत नाही. एकाच घरात एकच बदल असलेल्या दोघांची लक्षणंही वेगळी असतात. पण अपवाद आहेत. अख्खं जनुकच गळालेलं असेल तर आजार सहसा तीव्र. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातलं 992 क्रमांकाचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल गळालं असेल तर त्वचेवरच्या गाठी सहसा येतच नाहीत. आणि फक्त डाग असलेल्या मुलाला एनएफ-1 आहे की लेजियस सिंड्रोम, हे याच तपासणीने कळतं. लेजियसमध्ये डाग हुबेहूब तसेच असतात, पण मज्जातंतूंच्या आवरणातल्या गाठीही होत नाहीत आणि दृष्टीच्या नसेवरची गाठही नाही.