लाइन म्हणजे बॅटरी नव्हे, दादा

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चाललाय. वहिनीच्या माहेरी सूर्यघर योजनेतून छतावर 3 किलोवॉटचं सोलर बसलं, 78 हजार सबसिडी आली, सगळं छान. मी फक्त विचारलं की जोडीला बॅटरी का नाही घेतली? झालं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, तासगावला त्याचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तो म्हणाला की बॅटरी ही तुमच्या श्रीमंत देशांची थेरं, इथे नेट मीटर आहे, दिवसा लाइनला द्यायचं आणि रात्री परत घ्यायचं, लाइनच आपली बॅटरी. त्यावर धडाधड अंगठे पडले. आणि काकांनी शेवटी टाकलं, "अॅडलेडला बसून बोलायला काय जातंय."

काकांचं ते वाक्य मला लागलंय, पण आधी लाइनचं बोलते.

लाइनमध्ये वीज साठत नाही. दुपारी छतावरून गेलेलं युनिट त्याच क्षणी कुणाच्या तरी पंपाला नाहीतर मिक्सरला लागतं, आणि रात्री 8 वाजता जे "परत" येतं ते बहुतेक कोळशाचं, कोराडीला नाहीतर चंद्रपूरला जाळलेलं. मीटर नुसता हिशोब जुळवतो. थोड्याच छतांवर सोलर आहे तोवर हा हिशोब कुणाला खुपत नाही, सगळीकडे झालं की खुपतो, आणि आमच्या साउथ ऑस्ट्रेलियात, म्हणजे अॅडलेडच्या राज्यात, हे होऊन गेलंय. 2008 मध्ये इथे छतावरच्या युनिटला 44 सेंट मिळायचे. लोकांनी इतके पॅनल लावले की 11 ऑक्टोबर 2020 ला दुपारी तासभर अख्ख्या राज्याची गरज सोलरने भागली, त्यातलं बहुतेक घरांच्या छतांवरचं. आता नव्या माणसाच्या हातावर युनिटमागे चार-दोन सेंट टेकवतात आणि संध्याकाळी तेच युनिट 40 सेंटच्या वर विकतात. महाराष्ट्रात कारखान्यांना आत्ताच दिवसा सवलत आणि संध्याकाळी जादा आकार आहे. 2025 मध्ये दिवसाची युनिट दिवसाच्याच वापरातून वजा करायची, रात्रीच्या नाही, अशी भाषा निघाली तेव्हा छतवाले किती खवळले होते, ते याच ग्रुपवर वाचलंय मी. खवळले ते बरोबर, पण फक्त खवळून किती वर्षं निघणार?

दादाला तर मी हे सांगायलाच नको होतं, त्याच्या शेडमध्ये उभं राहून दोघांनी बघितलंय. मे महिना, पत्र्यावर पॅनलच्या रांगाच्या रांगा, ऊन असं की पत्र्याला हात लावायची सोय नाही, आणि लाइन गेली. लाइनबरोबर पॅनलही गप. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर लाइन गेली की आपोआप बंद होतो, खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून, आणि ते तसंच असायला हवं. मग मागचा जनरेटर सुरू. एवढं डोक्यावर ऊन आणि खाली डिझेल जळतंय. दादाचा माणूस कंप्रेसर एकेक करून घेत होता कारण सगळे एकदम टाकले की जनरेटर बसतो. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असता तर त्याने शेड लाइनपासून तोडून घेतली असती आणि आतल्या आत पॅनल चालू ठेवले असते. यात कुठली आली श्रीमंती?

माझी बॅटरी गॅरेजच्या भिंतीवर आहे, पुढे गाडी धडकू नये म्हणून पिवळा खांब. दुपारी भरते, उद्या ढगाळ असेल तर रात्रीच्या स्वस्त दरात थोडी जास्त भरून घेते, संध्याकाळी ओव्हन, एसी, कुकर सगळं एकदम सुरू असतं तेव्हा अॅपवर ग्रिडच्या पुढे शून्य दिसतं. भयंकर उकाड्याच्या संध्याकाळी वीज कंपनी हजारो घरांच्या अशा बॅटऱ्यांतून वीज ओढते आणि त्याचे पैसे देते, पण 20 टक्के राखीव ठेवायचे हे मी ठरवलंय, ते कुणी ओढू शकत नाही. स्मार्ट मीटरवरून 2024 मध्ये महाराष्ट्रात जो आरडाओरडा झाला त्यातली ही भीती मला पटते, बटण कुणाच्या हातात हा प्रश्न खराच आहे. मग त्यावर भांडा ना. बॅटरीतून संध्याकाळी दिलेल्या युनिटला चांगला दर मागा, राखीव किती ते ग्राहकच ठरवणार असं लेखी मागा. ते सोडून बॅटरीच नको?

आणि बॅटरी नको असं महाराष्ट्राने म्हणावं! लोडशेडिंगमध्ये वाढलो आपण, प्रत्येक घरात जिन्याखाली इन्व्हर्टर आणि ती पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी, डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम माझं असायचं. 150 अँपिअर-अवरची म्हणजे जेमतेम पावणेदोन युनिट, त्यातलंही निम्मंच वापरायचं, आणि लाइन आली की ऐन महागाच्या वेळी भरायला लागणार. तिला उन्हाची अक्कल नाही, दराची नाही. 28 सप्टेंबर 2016 ला वादळाने टॉवर पाडले आणि हे अख्खं राज्य अंधारात गेलं तेव्हा आमच्या गल्लीत सगळे गोरे भांबावलेले, मेणबत्त्या कुठे ठेवल्यात हे फक्त मला माहीत होतं. पण पुढच्याच वर्षी यांनी याच राज्यात हॉर्न्सडेलला 100 मेगावॉटची लिथियम बॅटरी उभी केली, तेव्हा त्या प्रकारातली जगात सगळ्यात मोठी. आपण मेणबत्त्यांत हुशार राहिलो, याचा मला राग येतो.

आता काकांचं. काका, सांगलीच्या घराचं बिल अजून आजोबांच्या नावावर येतं आणि ते दर महिन्याला मी इथून भरते. तो बारा आकडी ग्राहक क्रमांक मला तोंडपाठ आहे, इथल्या माझ्या मीटरचा नंबर विचारा, सांगता येणार नाही. 2019 च्या पुरात आई-बाबा वरच्या मजल्यावर होते, इन्व्हर्टर खाली पाण्यात गेला, आणि दुसऱ्या दिवशी दोघांचे फोन बंद. मी इथे गरम जेवण समोर घेऊन बसले होते, घर उजेडाने भरलेलं, आणि आई जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. बोलायला काय जातं ते मला विचारू नका. मी तिथली राहिले नाही हे मला कळतं, मतदार यादीतही माझं नाव नाही, पण तिथली लाइन गेली की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

दिवाळीत आले की आईकडे लिथियमची बसवणार आहे, वरच्या मजल्यावर, फ्रिज, दिवे, वायफाय आणि मोबाइलपुरती. वॉरंटी 10 वर्षांची मिळते, ट्यूब्युलर तेवढ्यात एकदा-दोनदा बदलावी लागते. दादा, तू भांडण थांबव आणि कंप्रेसर किती किलोवॉटचे आहेत ते आणि गेल्या वर्षीची डिझेलची बिलं ग्रुपवर टाक, मग बोलू.