प्रोसेस मोजून मशीन पळत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सायबर-झेरॉक्सवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कॉम्प्युटर हँग होतो तो प्रोसेस जास्त झाल्यानं. शंभराच्या आत ठेवा. विंडोजला एमएसकॉन्फिगमधून प्रोसेसरचा आकडा वाढवा, लिनक्सला युलिमिटनं प्रोसेसवर मर्यादा घाला. मशीन पळतंय बघा.’

शंभराच्या आकड्याला काही आधार नाही. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, आणि टास्क मॅनेजरच्या (काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीच्या) यादीतल्या बहुतेक प्रोसेस झोपलेल्या असतात, कळ दाबली जाण्याची किंवा नेटवरून काही येण्याची वाट बघत. हजेरीपटावर नाव आहे म्हणून माणूस मशीनवर उभा असतोच असं नाही. 2017 च्या विंडोज 10 अपडेटमध्ये तर मायक्रोसॉफ्टनंच, 3.5 जीबीहून जास्त रॅमच्या मशीनवर, एकाच एसव्हीसीहोस्ट नावाच्या प्रोसेसमध्ये कोंबलेल्या सर्व्हिसेस (पडद्यामागं चालणारी विंडोजची कामं) सुट्या केल्या. एक कोसळली तर बाकीच्या वाचाव्यात म्हणून. थोडी रॅम जास्त लागली, यादी मात्र भलतीच लांबली.

एमएसकॉन्फिगचं, म्हणजे विंडोज सुरू कसं व्हावं ते ठरवणाऱ्या खिडकीचं, सांगायचं तर तिथं प्रोसेसरच्या आकड्यापुढं खूण नसली तरी विंडोज सगळे कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) वापरतंच. तो आकडा कोर कमी करायला आहे. चुकून 1 निवडलात की चार कोरचं मशीन एका कोरवर येईल.

युलिमिटचा, म्हणजे एका युजरच्या प्रोसेसवर मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या कमांडचा, मुद्दा जरा नीट बघू, कारण ती सोय खरी आहे, फक्त कामाची जागा वेगळी. ही मर्यादा चालू प्रोसेस बंद करत नाही, हळूही करत नाही. नवी काढायला गेलं की नकार देते. शिवाय लिनक्स इथं त्या युजरचे थ्रेडही, म्हणजे एका प्रोसेसच्या आत एकाच वेळी चालणारे कामाचे धागेही, मोजतो. एकटा ब्राउझरच ढीगभर थ्रेड काढतो, म्हणजे शंभरची मर्यादा लावून सेवा सिंधूचा (कर्नाटक सरकारच्या सेवांच्या पोर्टलचा) फॉर्म उघडायला गेलात तर टॅबच कोसळायचा, आणि गिऱ्हाईक म्हणणार सर्व्हर डाऊन आहे! मर्यादा हवी ती शाळेच्या लॅबमध्ये. एखाद्या पोरानं स्वतःच्याच प्रती काढत सुटणारा फोर्क बॉम्ब सोडला, तर तो त्याच्याच लॉगिनपुरता अडतो. रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य लॉगिनला, ही मर्यादा लागू नसते, त्यामुळे सरांना आत येऊन तो मारता येतो.

मग हँग कशानं होतं? पहाणी उताऱ्याची (जमिनीच्या उताऱ्याची) गर्दी असते तेव्हा टास्क मॅनेजर उघडा. 4 जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, दोन ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब, कन्नड टायपिंगचं नुडी, स्कॅनर. प्रोसेसरचा आकडा जेमतेम, मेमरी काठोकाठ आणि डिस्क 100 टक्के. रॅम संपली की विंडोज मेमरीतली पानं (डेटाचे तुकडे) डिस्कवर टाकतं, लागली की परत आणतं, आणि त्या ये-जा करण्यात माऊसचा बाणसुद्धा अडकतो. एकच प्रोसेस एवढं करू शकते, मोजायला दुसरी नको. मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून यादी लावा, वर आलेलं बिनकामाचं बंद करा. रोजचंच असेल तर रॅम वाढवा, एसएसडी टाका. त्याला खर्च आहे, मेसेज फॉरवर्ड करायला नाही, म्हणून तो जास्त फिरतो.