खोलीत झोपतं कोण, ते आधी विचारा

गेल्या आठवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक कंपनीतला, एक शेजारचे काका (नातवासाठी), आणि एकानं तर रंकाळ्यावर भेळ खाताना गाठलं. "तू गेलतास न्हवं त्या उन्हाळी शिबिराला? पोराला घालू का यंदा?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहितो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी शिक्षक नाही, समाजसेवक तर अजिबात नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्रीत आहे. गेल्या मे महिन्यात एका मित्राच्या शब्दाखातर राधानगरीच्या बाजूला मुलांच्या शिबिराला सात दिवस गेलो. त्याचं एक वाक्य होतं, "काय न्हाई रे, पोरांच्यात झोपायचं फक्त." दिवसभर शिकवायला, खेळायला माणसं आहेत, तू रात्री खोलीत असलास की झालं. मला वाटलं, आयुष्यात तिसरी पाळी इतकी केली, सात रात्री काय अवघड?

बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आपल्या पोरासाठी रात्री एकदा तरी उठलासा का? आता दुसऱ्याची अकरा सांभाळायला निघालासा." यावर उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

जाण्याआधी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मलाही घेतलं होतं. दोन दिवसांत शंभरावर मेसेज. पोहायला लाइफ जॅकेट आहेत का, अंडी रोज मिळणार का, फोटो किती वाजता टाकणार, शेवटी सर्टिफिकेट देणार का, तांबडा-पांढरा कुठल्या दिवशी. एकानंही विचारलं नाही की रात्री साडेनऊ ते सकाळी सहा आमच्या पोराजवळ कोण असणार आहे. चोवीसातले साडेआठ तास कुणाच्या डोक्यातच नव्हते.

आणि मला काय विचारलं माहिती आहे? टी-शर्टची साइज. एवढंच. आधार कार्डाची झेरॉक्स नाही, आधी कुठं असं काम केलंय का नाही, पोलिसांकडची पडताळणी तर दूरच. मी बरा माणूस आहे हे मला माहीत आहे. त्यांना कुठं माहीत होतं?

खोल्यांना जिल्ह्यातल्या गडांची नावं दिली होती. पन्हाळा, विशाळगड, रांगणा, भुदरगड. आमच्या वाट्याला सामानगड आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नाव सार्थ झालं. अकरा पोरं, नऊ ते बारा वयाची, सॅका उघड्या, एकाचा टॉवेल दुसऱ्याच्या कॉटवर, मोजा तिसऱ्याच्या ताब्यात. दोन मजली लोखंडी कॉट होते. वरच्या कॉटवरून खाली न उतरता सगळी खोली फिरणाऱ्या एकाला पोरांनी तासाभरात 'शेकरू' करून टाकलं. दुसरा प्रत्येक गोष्टीची तक्रार घेऊन यायचा, तो 'मामलेदार'. वडणग्याचा एक जाडजूड होता, त्याला 'गवा' म्हणायला लागले तेव्हा मी थांबवणार होतो, पण त्यानंच कॉटवर उभं राहून छाती ठोकून दाखवली. राधानगरीच्या जंगलात गवा असणं म्हणजे मान आहे, हे त्याला माझ्यापेक्षा लवकर कळलं.

पहिली रात्र सोपी गेली. गोष्ट सांगायला सामानगडावरून निघालो आणि नेसरीत पोचलो. 1674 साल, प्रतापराव गुजर आणि सहा स्वार, समोर बहलोलखानाची फौज. गोष्ट रंगवून सांगितली, टाळ्यांची अपेक्षा होती. अंधारातून मामलेदार म्हणाला, "पण दादा, मागनं फौज येईपर्यंत थांबले का न्हाईत?" मी म्हटलं, झोपा आता.

मला वाटलं, जमलं की! पहिल्या रात्री पोरं प्रवासानं दमलेली असतात आणि सगळं नवं असतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. खरी रात्र दुसरी.

दुसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला खालच्या कॉटवर हालचाल जाणवली. रडणं ऐकू येत नव्हतं. पोरगं उशीत तोंड घालून रडत होतं, आवाज होऊ नये म्हणून. ते बघून पोटात कालवलं, कारण रडताना आवाज दाबायचा हे कुणी शिकवत नाही, दहाव्या वर्षी आपलं आपण येतं. शेजारी जाऊन बसलो. काय झालं? काही नाही. पोट दुखतंय? नाही. आईची आठवण? मान हलवून नाही. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "आत्ता आम्ही गंगावेशीत असतो."

मग हळूहळू निघालं. जेवण झालं की रोज रात्री आजोबांबरोबर चालत गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. समोर म्हैस पिळायची, फेसाळ ग्लास, आजोबांचा मोठा, याचा छोटा. येताना आजोबा तेच तेच विनोद सांगतात. घरी येऊन झोप. एवढंच. त्याला घराची आठवण येत नव्हती हो. त्याला फक्त तो अर्धा तास पाहिजे होता, आणि तो झाल्याशिवाय झोप यायची पद्धतच त्याच्या अंगात नव्हती.

इथं मी चूक केली. घाबरून म्हणालो, "सकाळी बाबांना फोन करू, पाहिजे तर न्यायला येतील." झालं! दुसऱ्या दिवशी पोहे खाताना विचारलं, ओढ्यावर विचारलं, दोरीवर लोंबकळताना विचारलं, "दादा, बाबांना फोन केला?" नंतर कळलं की बाबांनीही येताना तेच सांगितलं होतं, आवडलं नाही तर फोन कर, दोन तासांत येतो. घरी आल्यावर मी याबद्दल शोधून वाचलं. क्रिस्टोफर थर्बर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं शिबिरातल्या मुलांच्या याच घरच्या ओढीचा अभ्यास केलाय, आणि त्याचं पालकांना सांगणं आहे की न्यायला येण्याचा असा वायदा मुलाशी करूच नका. पोराला त्यातनं एवढंच ऐकू येतं, की तुला हे झेपणार नाही असं आम्हालाही वाटतंय. वर शिबिरात रमण्याऐवजी ते गाडीची वाट बघत बसतं. मी नेमकं तेच दुसऱ्यांदा केलं होतं.

तिसऱ्या रात्री स्वयंपाकाच्या मावशींकडून एक फुलपात्र दूध मागून आणलं. शेजारच्या गोठ्यातलं. पोरानं एक घोट घेतला, ओठांवरनं जीभ फिरवली आणि म्हणाला, "हे म्हशीचं न्हाई." गायीचं होतं! पण प्यायलं. आणि मग मला आजोबांचा एक विनोद सांगितला, जो अजिबात विनोदी नव्हता. झोपलं साडेअकराला. चौथ्या रात्री अकराला. पाचव्या रात्री मी गेलो तर घोरत होतं. बाबांना फोन राहूनच गेला.

आता दुसरं पोरगं. ते कुठलं, केवढं, काहीच सांगणार नाही. चौथ्या दिवशी पहाटे पाचला मला जाग आली तर ते कॉटवर बसलेलं, ताठ. चादर ओली. बाकी दहा जण अर्ध्या तासात उठणार. मला काय सुचलं कुणास ठाऊक, माझा पाण्याचा तांब्या उचलून त्याच्या गादीवर ओतला आणि मोठ्यानं म्हणालो, "च्यायला, लवंडला बघ माझ्या हातनं!" दोघं-तिघं जागे झाले, हसले, दादा बावळट आहे असं ठरलं, विषय संपला. ते पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. काही बोललं नाही. त्या दिवसापासून जेवायला बसताना शेजारची जागा मात्र माझ्यासाठी धरून ठेवायचं.

दहा वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पाच जणांना हा त्रास असतो. पुष्कळदा आईला किंवा वडिलांनाही लहानपणी असतो, आणि बहुतेकांचा वाढत्या वयाबरोबर जातो. पोराचा यात काही दोष नसतो, आळस तर नसतोच. पण फॉर्मवर 'काही त्रास आहे का' या रकान्यात 'नाही' लिहिलेलं होतं. का लिहिलं ते कळतं मला. चार लोक वाचतील, हसतील. भीती खोटीही नव्हती, कारण त्याच सकाळच्या मीटिंगमध्ये मी गादी बदलून मागितली तर आयोजकांपैकी एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "सामानगडात पूर आला वाटतं!" पिकला हशा. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या माणसानं हा विनोद करावा! मी हसलो नाही, पण बोललोही नाही. तिथं बोलायला पाहिजे होतं.

माझं गाऱ्हाणं इथंच आहे. दिवसाला माणसं भरपूर होती. तिरंदाजीला एक, दोरीला दोन, पक्षी दाखवायला एक, हस्तकलेच्या ताई वेगळ्या. फोटो काढायला तर खास एक पोरगा. साडेनऊची शिट्टी झाली की सगळे आपापल्या खोल्यांत, आणि अकरा पोरांपाशी मी एकटा. रात्रीची जबाबदारी म्हणजे ज्याला दुसरं काही येत नाही त्याला द्यायची गोष्ट, असा सगळा कारभार. आमच्या फौंड्रीत तिसऱ्या पाळीला सुपरवायझर असतो, वेगळा भत्ता असतो, कारण रात्री माणूस चुकतो हे सगळ्यांना माहीत आहे. तिथं तर लोखंडच ओतायचं असतं!

ही शिबिराची पद्धत आपण जिकडून घेतली त्या अमेरिकेत ती 1861 पासून आहे, आणि खोलीत झोपणाऱ्या माणसाला तिकडं पदच आहे, केबिन कौन्सेलर. तिथल्या शिबिरांच्या संघटनेनं मुक्कामी शिबिरासाठी प्रमाण ठरवलंय, नऊ ते चौदा वयाच्या आठ मुलांमागे एक मोठा माणूस. माझ्याकडं अकरा. आपल्याकडं त्या कामाला नावच नाही. मला पोरं 'दादा' म्हणायची, आयोजक 'ते सामानगडवाले' म्हणायचे.

आणि हे कोल्हापुरात! ज्या गावात शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांग लावली, ज्याला वसतिगृहांची जननी म्हणून आपण भाषणात मिरवतो, त्या गावाला परक्या खोलीत झोपणाऱ्या पोराला काय लागतं हे कुणी सांगायला लागावं?

एक गोष्ट लोकांना आवडत नाही, तरी लिहितो. बंद खोलीत मुलांबरोबर एकटा मोठा माणूस नको. पुरुष नको, बाई नको, मीसुद्धा नको. दोघं पाहिजेत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा आहे, पण तो घडून गेल्यावर कामाला येतो; त्याआधी कामाला येते ती खोलीतली दुसरी जोडी डोळ्यांची. हे बोललो की समोरचा म्हणतो, "तू आपल्यातला आहेस, तुझ्यावर विश्वास आहे." अहो, विश्वासावरच तर सगळे घोटाळे होतात. शिवाय मला मध्येच एका पोराला घेऊन अंगणापलीकडच्या संडासाला जावं लागायचं, तेव्हा मागं उरलेल्या दहांपाशी कोण होतं? कुणी नाही. त्यातल्याच एका रात्री वळीव झोडपत होता, लाइट गेलेली, आणि गवा वरच्या कॉटवरनं ओरडत होता की बाहेर खरा गवा आलाय.

मण्यारीचंही सांगतो. मे-जूनमध्ये जमिनीवर गाद्या टाकून झोपवणारी शिबिरं मी बघितलीत. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, आणि तोवर वेळ गेलेला असतो. आमच्याकडं कॉट होते, नशीब. पण जवळचं प्रतिविष कुठल्या दवाखान्यात आहे आणि रात्री दोनला गाडी कोण चालवणार, या प्रश्नावर सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघितली. शेवटी गाडी चालवणारा म्हणून माझंच नाव लिहिलं. म्हणजे मी दवाखान्यात, आणि पोरं? जाऊ दे.

तर त्या तिघांना उत्तर. घाला पोराला शिबिराला, नक्की घाला. शेवटच्या रात्री एका झाडावर काजवे लागले होते, अख्खं झाड एकदम पेटायचं आणि विझायचं. अकरा पोरं ओळीनं उभी आणि कुणी म्हणजे कुणी बोलत नव्हतं, मामलेदारसुद्धा. ते घरात बसून मिळणार नाही. पण पैसे भरायच्या आधी फोन करून एवढंच विचारा, पोराच्या खोलीत झोपतं कोण. किती जण, किती पोरांमागे, त्यांना कुणी तपासलंय का, काय शिकवलंय. लगेच नावं सांगितली तर ठीक. "त्याची काय काळजी करू नका" असं म्हणाले, तर करा.

मला यंदाही बोलावणं आलंय. परवा फोन होता, "सामानगड तुमचाच." मी विचारलं, माझ्याबरोबर दुसरं कोण? म्हणाले, बघतो, सांगतो. अजून फोन नाही. बायको म्हणते बॅटरीत नवे सेल घालून ठेवा, आणि या खेपेला दूध आधी हुंगून बघा.