गाण्यातला ‘मी’ कोण?

गंगापूर रोडवरील एका लॉन्सवर नुकत्याच झालेल्या स्वागत समारंभात ऑर्केस्ट्राने ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे, प्रेयसीवर पाळत ठेवणाऱ्याच्या तोंडचे, इंग्रजी गाणे सादर केले आणि दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागला. त्यातील दावे असे: ‘मी’ म्हणून गाणारा स्वतःचेच मत गातो; गाण्यातल्या दुष्टाला कोणी दटावत नसेल, तर गाणे त्याच्याच बाजूचे असते; दुष्टाच्या तोंडून गाण्याचे हे थेर पाश्चात्त्यांचे, आपल्या परंपरेत ते नाही; आणि श्रोत्याला खोच कळली नाही, तर दोष गीतकाराचा.

सर्वांत ठिसूळ मुद्दा परंपरेचा, म्हणून आधी तोच घेतो. एकनाथांच्या ‘सत्वर पाव गे मला’ या भारुडातली सून भवानीआईकडे काय मागते? गावी गेलेला सासरा तिकडेच खपावा, सासूचे निर्दालन व्हावे, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी. दादल्याचीही ती आहुती देऊ करते. शेवटी ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे’ असे म्हणताना तिच्या मागण्यावर चक्क नाथांची नाममुद्रा उमटते. संदेशाचा न्याय लावला, तर पैठणच्या या संताला सासरची माणसे मारायची होती असे मानावे लागेल. कीर्तनकार त्या माणसांना विकार ठरवून अर्थ उलगडतात, हे खरे. पण गोदाघाटावर श्रोते हसतात ते त्याआधी, सुनेच्या जिभेला.

‘मी’ म्हणजे गायकच, हे तर गाण्याचे शब्द नीट ऐकले तरी टिकत नाही. डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडच्या १९८५ मधील ‘मनी फॉर नथिंग’मध्ये बोलणारा माणूस मायक्रोवेव्ह आणि फ्रिज हलवणारा कामगार असून, टीव्हीवर गिटार वाजवणाऱ्यांना फुकटचे पैसे मिळतात म्हणून तो जळफळत असतो. गाणारे मार्क नॉफ्लर स्वतःच गिटारवादक असल्याने शिव्यांचा रोख त्यांच्याच जमातीवर आहे. (आमच्या कुसुमाग्रजांनीही ‘कोलंबसाचे गर्वगीत’ लिहिण्यापूर्वी जहाज हाकले नव्हते.)

निषेधाच्या मागणीला उत्तर त्या लॉन्सवरच्या गाण्यातच आहे. ‘द पोलिस’ नावाच्या ब्रिटिश बँडच्या १९८३ मधील या गाण्यात तो तिचा प्रत्येक श्वास, प्रत्येक पाऊल पाहत राहणार असल्याचे बजावतो आणि ती आपलीच आहे असे ठरवून टाकतो. ती मात्र एकदाही बोलत नाही. तिचे हे गप्प असणे ज्याला ऐकू येते, त्याला वेगळ्या निषेधाची गरज उरत नाही. गीतकार स्टिंग यांनीही या गाण्यातला पाळतीचा, मालकीचा भाव पुढे उघड सांगितला आहे.

श्रोत्याच्या बाजूने केलेल्या शेवटच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे. ‘पात्र बोलते आहे’ ही सबब प्रत्येक वेळी चालू नये. नॉफ्लर यांच्या कामगाराच्या तोंडी समलिंगी पुरुषांना हिणवणारी शिवी आहे. त्या शिवीमुळे कॅनडातील खासगी प्रसारकांच्या मानक परिषदेने जानेवारी २०११ मध्ये मूळ गाणे प्रसारणास अयोग्य ठरवले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्णय त्या-त्या केंद्रावर सोपवला. शिवी पात्राची असली तरी रेडिओवर ती ज्याच्या कानी पडते, तो माणूस खरा असतो. म्हणून काय वाजवावे, कोठे वाजवावे, हा वाद रास्तच आहे. त्या रात्री लॉन्सवर गाण्याची निवड चुकली, हे मलाही मान्य आहे; पण ती चूक गीतकाराची नव्हे, गाण्यांची यादी करणाऱ्याची होती.