खाली बटाटा, वर टोमॅटो आणि मधेच धोतरा

आठवडाभरात तोच व्हिडिओ चार ग्रुपांवर येऊन गेला. शेवटी जालन्याकडून मामांनीही पाठवला, खाली लिहिलेलं, "गच्चीवर करून बघ, माळव्याचा खर्च वाचंल." त्यात सांगतात की ब्लेड आणि चिकटपट्टी घ्या, कोणतंही रोप कोणत्याही रोपावर बांधा, बारा महिने खाली बटाटे अन् वर टोमॅटो घ्या. उत्पन्न दुप्पट. पाणी कमी असेल तर बांधावरच्या धोतऱ्यावर टोमॅटो बांधा, आणि पुढच्या वर्षासाठी त्याचंच बी धरा.

यातलं कलम खरं आहे, म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेनं 2021 मध्ये एकाच खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या खालच्या रोपावर, वांगं आणि टोमॅटो दोन्ही घेऊन दाखवले. एका झाडाला टोमॅटो सुमारे 2.4 किलो, वांगी सुमारे 2.7 किलो. पण तिथे वांग्याची फांदी आणि टोमॅटोची फांदी आपापली पानं घेऊन उभी असते. बटाट्याचा शेंडा कापून त्यावर टोमॅटो बांधला की बटाट्याची पानं संपली. वरची फळं आणि खालचे कंद, दोघांनाही टोमॅटोच्याच पानांनी पोसायचं. मी गेल्या हिवाळ्यात केलं तेव्हा एका कुंडीतून पाऊण किलो टोमॅटो निघाले आणि मूठभर बटाटे, सुपारीपासून लिंबापर्यंतचे. जागा वाचली हे मान्य, पण दुप्पट काही झालं नाही.

'कोणतंही रोप कोणत्याही रोपावर' हे तर मामांनीच खोडायला हवं होतं. जंबेरीवर, म्हणजे लिंबाच्याच एका जातीवर, मोसंबीचा डोळा भरून कलमं करण्यात त्यांचा जन्म गेला. आंब्यावर मोसंबी कधी बसली का? भाजीतही तेच आहे. टोमॅटो, वांगं, बटाटा एका कुळातले. मिरचीही त्याच कुळातली, तरी टोमॅटोशी तिचं नीट जुळत नाही. कलिंगड दुधीवर बसतं, जपानात हे शंभर वर्षांपासून करतात. दोडका टोमॅटोवर बसणार नाही.

ब्लेडनं कापणं दोन मिनिटांचं काम आहे, खरी कसोटी पुढच्या आठवड्यात लागते. सांधा जुळेपर्यंत वरच्या काडीला मुळाचं पाणी मिळत नाही आणि आपल्याकडची कोरडी हवा तिला दुपारपर्यंत माना टाकायला लावते. दोन्ही देठ सारख्या जाडीचे हवेत, ब्लेड स्पिरिटनं पुसलेलं हवं, तिरपा काप एकावर एक तंतोतंत बसायला हवा. मग वर पारदर्शक डबा पालथा घालून रोप पाच-सात दिवस सावलीत ठेवायचं आणि नंतर डबा रोज थोडा थोडा उचलायचा. एवढं करूनही माझी दहातली चार जगली. त्यातलं एक मीच घालवलं. बटाट्याला भर देताना, म्हणजे बुंध्याशी माती चढवताना, ती सांध्याच्या वर गेली, टोमॅटोनं तिथूनच स्वतःची मुळं सोडली आणि बटाटा नावालाच राहिला.

'बारा महिने' तर सोडूनच द्या. बटाट्याला कंद धरायला थंड रात्री लागतात, त्या आपल्याकडे रब्बीतच. एप्रिल-मेच्या उन्हात टोमॅटोचीही फुलं गळतात.

धोतऱ्यावर मात्र मला थांबून बोलायचं आहे. धोतऱ्याचं विष मुख्यतः मुळात तयार होतं आणि देठातून वर चढतं. त्या मुळावर टोमॅटोचा शेंडा बांधला तर विष टोमॅटोच्या पानांत आणि फळांत येतं. फळ दिसायला तसंच लालबुंद, आणि विष आतच असल्यानं धुऊनही जात नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका कुटुंबाला असेच, धोतऱ्याच्या जातीच्या झाडावर कलम केलेले टोमॅटो खाऊन विषबाधा झाली होती. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, माणूस बरळायला लागतो. घरात लेकरं असतील तर हा खेळ नकोच. तंबाखूचंही तसंच आहे, निकोटिन मुळातच बनतं. बटाट्याच्या खुंटावरचे टोमॅटो मात्र बिनधास्त खा. उघडे पडून हिरवे झालेले बटाटे तेवढे फेकून द्या.

बियाचं म्हणाल तर टोमॅटोच्या बीतून टोमॅटोच येतो. खुंट बीत उतरत नाही.

घरच्या कुंडीत कलमाचा खरा उपयोग हवा असेल तर रानवांग्याच्या खुंटावर वांगं बांधा. मुळाला मर रोग आणि सूत्रकृमी (मातीतले बारीक जंत) कमी त्रास देतात. पीक एकच, पण झाड टिकतं.

हे सगळं सांगायला मामांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, धोतरा तर कालच बांधावरून आणून कुंडीत लावला की." म्हटलं, मामा, आधी तो उपटा, मग बोलू. फोन चालू ठेवूनच ते अंगणात गेले.