रटगर्स जिंकलं खरं, पण कोणत्या खेळात?

नोव्हेंबर लागला की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर रटगर्स आणि प्रिन्स्टन या इथल्या दोन कॉलेजांच्या सामन्याचा तो फॉरवर्ड न चुकता येतो. "६ नोव्हेंबर १८६९ ला आपल्या न्यू ब्रन्सविकमध्ये अमेरिकन फुटबॉलचा जन्म झाला! रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ ने लोळवलं आणि त्या सीझनचं विजेतेपद पटकावलं!" खाली अंडाकृती चेंडू काखेत मारून धावणाऱ्या हेल्मेटवाल्याचं चित्र.

आधी चित्राचंच बघू. त्या दिवशी चेंडू गोल होता, हेल्मेट नव्हतं आणि चेंडू हातात घेऊन पळायला बंदी होती. पायाने मारा, डोक्याने मारा, फार तर हाताने टोलवा, पण उचलायचा नाही. एकेका बाजूला पंचवीस खेळाडू. नियम बेतले होते लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांवर, म्हणजे आजच्या सॉकरच्या घराण्यातले. गणवेश म्हणाल तर कोट-टोप्या काढून कुंपणाशी ठेवायच्या आणि भिडायचं. रटगर्सच्या काही पोरांनी ओळखू यावं म्हणून डोक्याला लाल फडकी बांधली होती, एवढंच.

मग "जन्म" कशाचा? दोन अमेरिकन कॉलेजांमधला पहिला फुटबॉल सामना म्हणा, माझी हरकत नाही. पण आज शनिवारी आपण टीव्हीवर बघतो त्या खेळाची नाळ दुसरीकडे आहे. १८७३ मध्ये प्रिन्स्टन, येल, कोलंबिया आणि रटगर्स एकसारखे नियम ठरवायला बसले, तेव्हा हार्वर्ड आलंच नाही. त्यांच्याकडे चेंडू उचलून पळायची मुभा होती आणि ती त्यांना सोडायची नव्हती. मे १८७४ मध्ये ते कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाशी खेळले, तिथे त्यांना रग्बीची गोडी लागली, आणि दोन वर्षांत बाकीचेही त्याच वाटेने गेले. १८८० मध्ये येलच्या वॉल्टर कॅम्पने अकरा-अकराचे संघ आणि चेंडू कुणाच्या ताब्यात हे ठरवणारी रेषा आणली, १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत चेंडू पाच यार्ड पुढे न्या, नाहीतर तो समोरच्यांना द्या, ही अट आली. पुढे फेकायचा पास तर १९०६ चा. विटी दांडूनेच मारतात म्हणून विटीदांडूच्या सामन्याला कुणी पहिली कसोटी म्हणत नाही.

"लोळवलं" हे तर साफ चूक. सामना ४-४ वर अडकला होता. प्रिन्स्टनची पोरं उंच, वर आलेला चेंडू तेच घ्यायचे. रटगर्सचा कप्तान विल्यम लेगेट याच्या ते ध्यानात आलं आणि त्याने सांगितलं, चेंडू जमिनीलगत ठेवा, छोट्या छोट्या लाथांनी पुढे न्या. त्यानंतरचे दोन गोल रटगर्सचे. हा भाग मला स्कोअरपेक्षा जास्त आवडतो, पण फॉरवर्डमध्ये तो कधीच नसतो. एकदा तर चेंडूमागे धावणारे दोघे थेट कुंपणावर आदळले आणि वर बसलेले प्रेक्षक खाली! प्रेक्षक तरी किती, जेमतेम शंभर.

राहिलं विजेतेपद. त्या सीझनमध्ये सामने झाले दोन. १३ नोव्हेंबरला प्रिन्स्टनच्या मैदानावर, त्यांच्या नियमांनी रटगर्स ८-० हरलं. तिसरा ठरलेला सामना झालाच नाही. म्हणजे एक जिंकला, एक हरला. गोल सहा केले, बारा खाल्ले. करंडक नव्हता, लीग नव्हती. पुढे अनेक दशकांनी जुने निकाल चाळून विजेते ठरवण्याचा उद्योग काहींनी केला, त्यात १८६९ साठी कुणी एकट्या प्रिन्स्टनचं नाव घेतं, तर कुणी प्रिन्स्टन आणि रटगर्स दोघांचं.

त्या मैदानाच्या जागी आता कॉलेज अव्हेन्यूवरची व्यायामशाळा आणि पार्किंग आहे. आणि प्रिन्स्टनला पुन्हा हरवायला रटगर्सला १९३८ साल उजाडावं लागलं, तेही २०-१८ असं निसटतं.