डोंगर बंद करून काय होणार?

पावसाळा लागला की आमच्या जुन्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर कलेक्टरच्या ऑर्डरचा फोटो येतोच. अमुक धबधबा बंद, तमुक किल्ला बंद. आधी जमावबंदीचं कलम १४४ असायचं, आता नव्या बीएनएसएस कायद्याचं १६३ असतं, बाकी मजकूर तोच. यावेळी मला ऑर्डरचा राग नाही आला, तिच्याखाली आलेल्या लाइकच्या अंगठ्यांचा आला. ज्यांच्याबरोबर मी शेवटची कसारा लोकल पकडायचे, स्टेशनवरच पथारी टाकून पहाटेची जीप गाठायचे, तीच मंडळी आता लिहितायत की बरं झालं, आपल्या लोकांची लायकीच नाही. आणि मी इथून, न्यूझीलंडहून, काही बोलायला गेले की ठरलेलं उत्तर, "तुला काय, तिकडे सगळं शिस्तीत असतं."

मग तिकडचंच सांगते.

२८ एप्रिल १९९५ ची गोष्ट आहे. पापारोआ नॅशनल पार्कमध्ये केव्ह क्रीकला घळीच्या तोंडावर एक प्लॅटफॉर्म बांधलेला होता, खाली डोकावून बघायला. पॉलिटेक्निकची पोरं त्यावर उभी राहिली आणि प्लॅटफॉर्म त्यांच्यासकट खाली गेला. १४ जण गेले, १३ विद्यार्थी आणि डीओसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी निसर्गसंवर्धन खात्याचा, एक माणूस. चौकशीत काय निघालं तर डिझाइन इंजिनिअरचं नव्हतं, बांधकामाची परवानगी नव्हती आणि जिथे बोल्ट हवे होते तिथे खिळे ठोकलेले होते. शिस्तीच्या देशात, सरकारी खात्याने केलेलं काम हे. पण त्यानंतर देशभरातले असे प्लॅटफॉर्म आणि पूल तपासले, धोक्याचे निघाले ते बंद केले, पुढच्या वर्षी मंत्र्याने राजीनामा दिला आणि सरकारी खात्यावर खटलाच भरता येत नाही ही जी पळवाट होती ती बुजवायला २००२ मध्ये कायदा आला. सात वर्षं लागली, उशीरच झाला. पण पोरं तिथे मरायला कशाला गेली होती असं कोणी विचारत बसलं नाही, खिळे कोणी ठोकले ते विचारलं.

आता आपल्याकडचं, १५ जून २०२५, रविवार, पुणे जिल्ह्यातलं कुंडमळा. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, ४ जण गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तसा बोर्डही होता, नवा पूल मंजूर होऊन पडून होता. आणि आमच्या ग्रुपवर चर्चा कसली, तर सेल्फीची. मान्य आहे, एवढी माणसं चढायला नको होती, बाइक तर अजिबात न्यायला नको होत्या. पण पूल लोकांनी बांधला नव्हता, आणि मोडकळीला आलाय हे कागदावर माहीत असून तसाच उभा त्यांनी ठेवला नव्हता. मला त्या चर्चेत एक माणूस दाखवा ज्याने विचारलं की जिल्ह्यात असे अजून किती पूल आहेत.

लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या वरच्या ओढ्याचा २०२४ चा व्हिडिओ मी पूर्ण बघू शकले नाही. एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं. तिथे खिळे नव्हते की पूल नव्हता, तिथे फक्त पाणी होतं. पाण्याने माणसं इथेही मरतात, एकोणिसाव्या शतकात तर नदीत बुडून मरण्याला न्यूझीलंडचं मरण म्हणायचे. म्हणून इथे ट्रॅम्पिंगला, म्हणजे डोंगरात भटकायला, जायचं तर नदी कशी ओलांडायची, आणि मुळात कधी ओलांडायचीच नाही, हे शिकून घेतात. पाण्याचा रंग बदलला, काडीकचरा वाहून यायला लागला, तळाचे दगड गडगडल्याचा आवाज आला की काठावर बसायचं, पाणी उतरेपर्यंत. रात्र काढावी लागली तरी चालेल.

आणि हे मी कोर्समध्ये ऐकलं तेव्हा मला हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईजवळचा आमचा वाटाड्या आठवला. ओढ्याच्या काठी उकिडवा बसलेला, बिडी न पेटवता हातात तशीच धरलेली, नुसता पाण्याकडे बघतोय. आम्ही घाई करतोय, मामा चला ना, गाडी चुकेल. तो म्हणाला, "वर पडतोय, पाण्याला मातीचा वास येतोय, थांबा." आमच्या डोक्यावर तेव्हा कोरडं होतं. थोड्याच वेळात ओढा गुडघ्यावरून कमरेला आला. म्हणजे ज्ञान आपल्याकडे नाही असं नाही, डोंगराखालच्या प्रत्येक पाड्यात ते आहे. पण बंदीची ऑर्डर काढताना त्या माणसाला कोणी विचारत नाही, उलट त्याचाच पावसाळ्याचा धंदा बुडतो, भाकरी-पिठल्याचा आणि वाट दाखवण्याचा.

गर्दीचं म्हणाल तर तेही ऐकून झालंय. "तुमच्या अख्ख्या देशात पुणे जिल्ह्याएवढी माणसं नाहीत." नाहीतच. पण टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंगला वर्षाला लाखाच्या वर लोक जातात, जवळपास वीस किलोमीटरची वाट, मधे उघडे कडे, घसारा आणि ज्वालामुखीची वाफ. वाट बंद नाही केली. सीझनमध्ये सुरुवातीच्या पार्किंगला चार तासांची मर्यादा घातली. क्रॉसिंगला सहा-आठ तास लागतात, म्हणजे गाडी लावून जाणं शक्यच नाही, शटलने जावं लागतं, आणि शटलवाला हवा खराब असली की नेतच नाही. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर माणसावर माणूस चढलेले व्हिडिओ बघून मला दरवेळी हेच वाटतं, अरे पायऱ्यांवर पोलीस कशाला उभा करता, खाली गाड्या मोजा.

हटमधलं, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या खोपटातलं, बुक हा आणखी एक साधा प्रकार. इथे डोंगरात साडेनऊशेच्या वर हट आहेत, प्रत्येकात एक वही. नाव, किती जण, कुठून आलो, पुढे कुठे जाणार. माणूस हरवला तर शोधणारे आधी ती वही उघडतात. आपल्याकडे मागच्या खेपेला एका किल्ल्याच्या पायथ्याला माझ्याकडून प्रवेशाचे पैसे घेतले, पावती दिली, पण कुठल्या वाटेने उतरणार ते कोणी विचारलं नाही. पावती फाडणारा तिथे बसलाच आहे, त्याच्यापुढे एक वही ठेवायला किती खर्च येतो? आणि मग कोणी हरवलं की रात्री दोर खांद्यावर टाकून निघतात ती शिवदुर्गसारख्या संस्थांची पोरं, आपापल्या नोकऱ्या-धंदे सांभाळून. इथेही लँडसार या शोध-बचाव संस्थेचे लोक व्हॉलंटिअरच, पण त्यांच्यामागे पोलीस यंत्रणा उभी असते. आपल्या पोरांची छाती यांच्यापेक्षा कणभर कमी नाही, हे मी दोन्हीकडे डोंगर चढलेय म्हणून सांगते.

आता जे ग्रुपवर कधी लिहिलं नाही ते. इथल्या डोंगरात मी खूप फिरते आणि मला ते प्रचंड आवडतं, तरी रुआहिने डोंगररांगेच्या धारेवर धुक्यात दिवसभर माणूस दिसला नाही की मनात एक पोकळी होते. सह्याद्रीत रिकामा डोंगर मी बघितलाच नाही. वर देवी असते, पदरात धनगरवाडा असतो, कारवीतून कोणीतरी मोळी घेऊन उतरत असतं आणि थांबून विचारतं, कुठली गं तू, एकटीच का? इथे असं विचारणारं कोणी नाही, माझ्यासाठी तरी नाही. ज्यांचे हे डोंगर आहेत त्या माओरी लोकांचं नातं वेगळं. तारानाकी मौंगाला, म्हणजे तारानाकी डोंगराला, तर २०२५ मध्ये कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला, आणि त्यांच्यासाठी तो पूर्वजच आहे. ऑफिसात पेपेहा, म्हणजे माओरी पद्धतीने स्वतःची ओळख, म्हणायची वेळ येते तेव्हा आपला डोंगर कोणता ते सांगायचं असतं. मी कळसूबाई सांगते. माझी मुलगी शाळेत रुआपेहू सांगते, आणि तिचं बरोबर आहे, ती त्याच्याच बर्फात वाढली. मी मात्र ते ऐकून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

म्हणून तुमच्या अंगठ्यांचा इतका राग येतो. तुम्हाला तो डोंगर शनिवारी रात्री निघून गाठता येतो आणि तुम्ही तो बंद झाला म्हणून खूश होताय.

एक काम करा. माहिती अधिकारात अर्ज टाका, की कुंडमळ्यानंतर जिल्ह्यातले किती पादचारी पूल, साकव, किल्ल्यांवरच्या शिड्या आणि रेलिंग तपासले, कोणी तपासले, अहवाल कुठे आहेत. बंदीचा आदेश काढताना कोणत्या गावाला विचारलं तेही विचारा. मीच टाकला असता, पण माहिती अधिकार फक्त नागरिकांना आहे आणि माझा पासपोर्ट आता इथला. मसुदा मी लिहून ठेवलाय, सही करणारा एक जण हवाय.